टोच्याला पुरेल अशी ट्यूब

माया सोनवणे कात्रपला आईकडे राहायची आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. जाणं-येणं सायकलवर. मागच्या चाकात मोटर आणि दांड्याखाली बॅटरी, असं किट तिने सायकलला बसवून घेतलं होतं. त्याला कारण तिचा डावा गुडघा. अंबरनाथ पश्चिमेच्या सासरी जेवण गार झालं एवढ्यावरून नवऱ्याने, कल्पेशने, तिला दारात पाडून त्या गुडघ्यावर लोखंडी स्टूल घातलं होतं. गुडघ्याची फुटलेली वाटी परत नीट बसली नाही. पायडल मारताना पाय अर्ध्यातच अडकायचा आणि स्कूटीचं वजन त्याला पेलायचं नाही.

हॉस्पिटलमधून ती सासरी गेलीच नाही. आई द्रौपदीने तिला रिक्षात घालून थेट कात्रपला आणलं. तक्रार झाली, कल्पेश काही दिवस आत राहून जामिनावर सुटला, घटस्फोटाचा अर्ज कोर्टात पडला. त्यानंतर बरेच महिने तो कुठे दिसला नाही.

मग सायकल पंक्चर व्हायला लागली.

पहिल्यांदा झाली ती सकाळी, नाल्यावरच्या पुलाच्या अलीकडे, जिथे एका बाजूला गवत आणि दुसऱ्या बाजूला बंद कारखान्याची भिंत आहे. माया उतरून चाक बघत होती तेवढ्यात मागून कल्पेशची मोटारसायकल आली. तो अगदी नरमाईने बोलला. सोडतो म्हणाला, झालं गेलं विसरू म्हणाला. सायकल ढकलत ती चालत राहिली आणि तो पहिल्या गिअरमध्ये तिच्या बाजूने येत राहिला, थेट कंपनीच्या गेटपर्यंत.

दुसऱ्या खेपेला तो नरम नव्हता. चाक पुन्हा त्याच टापूत बसलं आणि तो पुन्हा मागून आला. तिने मान फिरवली तशी त्याने तिचे केस धरले आणि तोंड हँडलवर आपटलं. एकदा, आणि मग परत. वरचा ओठ फाटला, पुढचा दात हलला. एका टेम्पोवाल्याने लांबून हॉर्न मारला म्हणून तो निघून गेला. चौकीत तिला विचारलं, साक्षीदार कोण. टेम्पोचा नंबर तिने घेतला नव्हता. एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, लिहून घेतली आणि तिला पाठवून दिलं.

द्रौपदी म्हणाली, सायकल विकून टाक आणि रिक्षाने जा. मायाला ते पटेना. रिक्षासाठी स्टँडवर उभं राहावं लागतं आणि उभं राहायचीच तिला भीती वाटत होती. चाकातली हवा गेली नसती तर ती थांबली नसती, आणि थांबली नसती तर त्याच्या हाती लागली नसती. दोष ट्यूबचा, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. शेजारच्या दुकानातल्या ट्यूब पातळ असतात. कधीच बसणार नाही अशी ट्यूब आणायची, म्हणून रविवारी दोन्ही जुन्या ट्यूब पिशवीत घालून ती उल्हासनगरला गेली.

कॅम्प तीनमध्ये ईश्वरलाल नावाच्या म्हाताऱ्या सिंधी माणसाचं सायकलच्या सामानाचं दुकान होतं. मोटर लावलेल्या सायकलींचं सामान तो खास ठेवायचा. मायाने सगळ्यात मजबूत ट्यूब मागितली. त्याने आधी जुनी बघायला मागितली. तिच्यात हवा भरून पाण्याच्या घमेल्यात फिरवली, बुडबुडे आले तिथे अंगठा ठेवला. मग दुसरी घेतली. दुसरीवरही अंगठा तिथेच आला.

"बेटी, हे रस्त्याचा काम नाही," तो म्हणाला. "खिळा खालून लागतो. हे दोन्ही भोक बाजूनी आहे, टायरच्या कुशीत. कोणीतरी टोच्या मारतो. पातळ टोच्या, म्हणजे तू घरातून निघशील आणि हवा रस्त्यात जाईल."

माया स्टुलावर बसली. सायकल रात्रभर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये असायची. म्हणजे तो तिच्या दारापर्यंत येत होता. तिच्या बेडरूमच्या खिडकीखाली चाकाशी वाकत होता आणि मग सकाळी त्या पुलाजवळ जाऊन वाट बघत होता. ईश्वरलालने विचारलं, कोण आहे, माहीत आहे का. ती म्हणाली, नवरा.

त्याने दोन्ही ट्यूब बाजूला ठेवल्या. शिडीचा घोडा लावून वरच्या फळीवरून डबे काढायला लागला. मायाने बिनहवेच्या भरीव टायरबद्दल विचारलं. तो नको म्हणाला. मोटरच्या चाकात तसा टायर घातला की तारा तुटतात आणि प्रत्येक खड्डा सरळ गुडघ्यात येतो. शेवटी त्याने ब्युटाइलची दुप्पट जाडीची ट्यूब काढली. तिचा हवा भरायचा वॉल मोटारसायकलसारखा पितळी, नट लावून रिमला आवळायचा. मोटर ओढ घेते तेव्हा टायर रिमवर सरकतो आणि साधा वॉल मुळातून फाटतो, म्हणून. आत त्याने हिरवं घट्ट जेल भरलं. भोक पडलं की ते जेल तिथे धावतं आणि भोक बुजवतं.

"टोच्याला पुरेल," तो म्हणाला. "चाकूला नाही. खोटं सांगणार नाही तुला."

चाक त्याने स्वतः बसवलं. मागच्या चाकाच्या मोठ्या नटांसाठी लांब पान्हाही तिने तिथूनच घेतला.

त्या आठवड्यात एका सकाळी ती खाली आली आणि तिला मागच्या टायरच्या बाजूला हिरवा, वाळत आलेला थेंब दिसला. तिने टायर दाबला. दगडासारखा होता. ती थेंबाकडे बघत उभी राहिली. म्हणजे रात्री तो येऊन गेला होता.

ती वर गेली आणि आईला सांगितलं. द्रौपदीने चौकीला फोन केला. तिकडून सांगितलं, येऊन अर्ज द्या. द्रौपदी म्हणाली, आज जाऊ नको. मायाने खूप विचार केला नाही. आज ती गेली नाही, तर उद्या तो टोच्या घेऊन जिना चढेल, एवढंच तिला दिसत होतं. तिने पान्हा पिशवीतून काढून पुढच्या बास्केटमध्ये ठेवला आणि निघाली.

तो पुलाच्या अलीकडे मोटारसायकलला टेकून उभा होता. तिला येताना बघून सरळ झाला. सायकल डुगडुगत नाही, चाक बसलेलं नाही, हे त्याला चटकन कळलं नाही. तोंड उघडं ठेवून तो चाकाकडे बघत राहिला आणि तेवढ्यात ती मोटर पूर्ण वेगात सोडून त्याच्या पुढून गेली.

पुलाच्या मध्यावर त्याने तिला गाठलं. चालत्या गाडीवरून मागच्या चाकाला लाथ घातली. सायकल आडवी झाली आणि माया डाव्या गुडघ्यावर पडली. आत काहीतरी फाटल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे पांढरं आलं. तो हेल्मेट हातात घेऊन आला आणि हेल्मेटनेच मारायला लागला. खांद्यावर, पाठीवर, ती डोकं झाकत होती त्या हातांवर. मग त्याने गुडघा शोधून त्यावर बूट दाबला. माया ओरडली. गवतापलीकडे कोणीतरी ओरडलं.

"काय घातलंयस त्यात?" तो म्हणाला. "मला शिकवतेस?"

आणि तिला सोडून तो सायकलकडे वळला. खिशातून टोच्या काढला आणि चाकापुढे गुडघे टेकून टायरच्या कुशीत खुपसायला लागला. हिरवं जेल त्याच्या हातावर, शर्टावर, तोंडावर उडत होतं. हवा फुसफुसायची, थांबायची, आणि तो शिव्या देत पुन्हा खुपसायचा. तिच्याकडे त्याची पाठ होती.

पान्हा बास्केटमधून रस्त्यावर पडला होता. माया सरपटत गेली आणि तो घेऊन एका पायावर उठली. पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला, टोच्या उडाला. तो वळला तसा दुसरा गळ्याजवळच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तो कठड्याला धरून खाली बसला आणि म्हणाला, "माया, नको." तिने परत मारलं, खांद्यावर. तो आडवा झाला. तिने पुन्हा पान्हा उचलला, या वेळी डोक्याच्या अंदाजाने.

मागून कोणीतरी तिचं मनगट धरलं. जवळच्या गावातून रोज भाजी घेऊन येणारी गयाबाई होती. भाजीची पाटी गवतात टाकून धावत आली होती.

"बास झाला गो बाय," ती म्हणाली. "मेला तं तूच जाशील आत."

माया तिच्या अंगावरच कोसळली.

पोलीस ठाण्यात बाई हवालदाराने विचारलं, तो खाली पडल्यावरही मारलंस का. द्रौपदीने मागून तिच्या पाठीला हात लावला, गप्प राहा म्हणून. माया म्हणाली, "हो. तो उठेल असं वाटलं." म्हणून तिच्यावरही गुन्हा दाखल झाला. पण या वेळी साक्षीदार होता. गयाबाईने लाथ, हेल्मेट, बूट, टोच्या, सगळं पाहिलं होतं आणि तिने ते जसंच्या तसं सांगितलं. कल्पेशच्या वकिलाने तिला दटावून पाहिलं तेव्हा तिने तेच पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने.

मायाला जामीन मिळाला आणि कल्पेशचा रद्द झाला. पुढे सुटला तेव्हा कात्रपच्या हद्दीत पाय ठेवायची त्याला मनाई होती. उजवा हात त्याला खांद्याच्या वर नेता येत नाही, असं कोणीतरी द्रौपदीला सांगत आलं. तिने ते मायाला सांगितलं. मायाला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. रात्री मात्र हाड मोडल्याचा तो आवाज तिला ऐकू यायचा आणि ती उठून पाणी प्यायची.

गुडघ्याचं पुन्हा ऑपरेशन झालं. कामावर परतल्यावर पहिले काही दिवस पूल आला की तिचे हात हँडलवर ओले व्हायचे. एका सकाळी ती पुलावर मुद्दाम उतरली. गयाबाई भाजी घेऊन येत होती. तिने पाटी कठड्यावर टेकवली, पदराने मान पुसली आणि मुळ्याची एक जुडी मायाच्या बास्केटमध्ये टाकली. मायाने पाटी परत डोक्यावर चढवायला तिला हात दिला. मग कंपनीचा भोंगा वाजला आणि माया सायकलवर बसली.