बिनसुईचा हार

माघातली ती सकाळ रोजच्यासारखीच होती. धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकवणारी वच्छला सुट्टीला जळगावी आली होती आणि फुलगल्लीत वडिलांच्या गाळ्यावर बसली होती. आबा, म्हणजे हिलाल माळी, केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटाने शेवंतीला गाठ मारत होते.

शेजारच्या गाळ्यातून नासीर म्हणाला, "हिलालभाऊ, सुई घ्या आता! तुमचा एक हार होतो तोवर माझे चार जातात."

"देव काय फाटेल शे का, सुई लावाले?" आबा आपल्या अहिराणीत म्हणाले.

गल्ली हसली.

आबा धरणगावहून आले तेव्हा, १९०६ साली, इथे चार टोपल्या होत्या. पळसाच्या पानात बांधलेली पूजेची फुलं घरोघर जायची. देवाचं फूल टोचायचं नाही, हा सगळ्यांचाच नेम. पुढे सभा आल्या, स्टेशनावरचे सत्कार आले. क्षणभर गळ्यात पडून पायाखाली जाणारे हार ढिगाने लागू लागले. सगळ्यांनी सुई धरली. आबांकडे दोन देवळं उरली.

वच्छला हसली नाही. दिवाळीआधी शाळेच्या बक्षीस समारंभाला आबा असाच हार घेऊन धुळ्याला आले होते. मोठ्या बाईंनी विचारलं, "हे कोण?" आबांच्या मळक्या धोतराकडे बघत वच्छला म्हणाली, "फुलवाले आहेत."

आबांनी हात जोडले. "हो बाई, जळगावचा फुलवाला." आणि न जेवताच परतले.

"आबा, त्या दिवशी शाळेत..." तिने आता सुरुवात केली.

"सोपट वाळी ऱ्हायनं, माय. पानी मार."

तिने पाणी शिंपडलं. उद्या बोलू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा टोपली उचलताना कोसळले, ते उठलेच नाहीत.

नासीर झेंडूचा हार घेऊन आला. "घाईत सुईनेच ओवला, बेटी."

वच्छलाने दोरा तोडला, फुलं ओच्यात घेतली आणि सोपटाने बांधू लागली. लहानपणी येत होतं ते. पहिल्या दोन गाठी सुटल्या. लोक खोळंबले. टोचल्याची भोकं तेवढी राहिलीच.

तिरडी फुलगल्लीतून निघाली, मागोमाग वच्छलाही. एका परक्या गिऱ्हाइकाने विचारलं, "कोण गेलं हो?"

"इथलाच एक फुलवाला," कुणीतरी म्हणालं.

कित्येक वर्षं जी बोली तिने धुळ्याच्या शाळेबाहेर ठेवली होती, तीच तोंडी आली. वच्छला थांबून मोठ्याने म्हणाली,

"हाऊ मना बाप शे."