श्रावणातला आकडा

मालवणच्या लॅबमधला रिपोर्ट हातात पडला आणि रसिकाचा जीव टांगणीला लागला. आयएनआर एक पूर्णांक चार. या तीन इंग्रजी अक्षरांनी गेल्या थंडीपासून तिच्या घरात सासूपेक्षा जास्त हुकूम चालवला होता. रक्त गोठायला किती वेळ घेतं, त्याचं हे माप. नवऱ्याच्या, सर्वेशच्या हृदयात धातूची झडप बसवलेली. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोजची. आकडा अडीचच्या वर हवा. फार चढला तर साधी जखमही वाहत राहते. उतरला तर गुठळी, आणि ती मेंदूत गेली की उभा माणूस आडवा. हे सगळं पाठ असल्याचा तिला आता रागच आला. न कळणाऱ्याला निदान झोप तरी लागते.

सर्वेश बाहेर मोटरसायकलवर बसला होता.

"खरा सांगा, गोळी चुकवलात?"

"तुज्याच हातातना घेतंय मा रोज!"

"मगे आकडो खाली कसो इलो?"

"आकड्याक इचार."

चोर सोडून संन्याशाला सुळी, हे तिला कळत होतं. पण भीतीला कोणीतरी हाताशी लागतंच, आणि नवरा जवळ होता.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "जेवणात काही बदल?"

"तसं काही नाही," रसिका म्हणाली. मग अडखळली. "श्रावण पाळतोय यंदा."

ऑपरेशनच्या वेळी सासूबाईंनी, आनंदीबाईंनी नवस बोलला होता: मुलगा जिवंत घरी येऊ दे, श्रावणभर घरात मासळी शिरणार नाही. देवबागसारख्या गावात, जिथे दारातच होडी, तिथे हे काही थोडकं नव्हतं. मासळी गेली आणि ताटात पाला आला. आज टाकळा, उद्या अळू. गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी तर रसिकानेच आग्रह करून दोनदा वाढली होती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पाल्यात के जीवनसत्त्व असतं, ते रक्त गोठायला मदत करतं. गोळी एकीकडे ओढते, भाजी दुसरीकडे." त्यांनी गोळी वाढवली, पोटात घ्यायची इंजेक्शनं लिहिली. "रोजची सवय आहे तेच जेवण द्या. थोडा पाला चालेल, असा टोपभर नको."

घरी जाताना सर्वेश म्हणाला, "आयेक सांगू नको हां. खचतली ती."

रसिकाने मान हलवली. पण तिच्या पोटात तीळ भिजत नाही. आनंदीबाई पडवीत टाकळाच निवडत बसलेल्या. ती हिरवी रास दिसली आणि रसिकाच्या तोंडून सगळं सुटलं.

"म्हणजे माज्या भाजयेन?" आनंदीबाईंनी विचारलं.

आनंदीबाई उठल्या, देवघरात गेल्या, लगेच बाहेर आल्या आणि त्यांनी पिशवी घेतली.

"खंय चलल्यात?" रसिकाने विचारलं.

"बांगडे हाडूक."

दुपारी तिरफळं घातलेल्या बांगड्यांच्या कढीचा वास घरभर झाला. एरवी या वासाने तोंडाला पाणी सुटायचं, आज रसिकाची नजर देवघराकडे वळली. नवस मोडला तर काय होतं, हे कुठलाच डॉक्टर सांगत नाही. आनंदीबाईंनी स्वतःच्या पानात नुसता भात आणि मीठ घेतलं.

"आये, नवस?" सर्वेशने विचारलं.

"नवस माजो आसा. देव माका इचारतलो, तुका नाय."

त्याने घास उचलला, तसा त्यांनी त्याचा हात धरला. त्याचं ताट ओढून त्या बांगड्याचे काटे काढू लागल्या. चाळिशीचा मुलगा ताटाची वाट बघत बसला.

"काटो लागलो तर रगत थांबाचा नाय," त्या म्हणाल्या.

आज भीती उलटी, रक्त वाहण्याची नाही, गोठण्याची आहे, हे रसिकाला ठाऊक होतं. तरी दुसरा बांगडा आपल्यापुढे घेऊन तीही काटे काढायला बसली.