बेव्हर्लीच्या कॉलरवरचा माइक

मित्रांनो, मी रागात आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी कॉलरला लावायचा एक जुना माइक आहे. अंगानं बोराएवढा, वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीनं बांधलेली. माझ्यासारख्या वस्तूंनी आपली कहाणी गोड आवाजात सांगायची असते म्हणे. मला ते आज जमणार नाही.

कारखान्यात एका बाईंनी माझ्यासमोर एक ते दहा आकडे म्हटले, मान डोलावली आणि मला डबीत घातलं. एवढंच माझं बालपण. पुढे इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरातल्या स्टॅननं मला विकत घेतलं. फिल्मवाल्यांसाठी आवाज टिपायचा हा त्याचा धंदा. त्याच्याबरोबर मी वीस वर्षं काढली. महापौर, फुटबॉलचे प्रशिक्षक, घाबरलेले नवरदेव, बंदरावरचे मासेवाले, सगळ्यांच्या छातीवर मी बसलो. "काय स्वच्छ आवाज आलाय!" असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचो. मग बिनवायरीचे माइक आले आणि माझी रवानगी बॅगेच्या तळाशी झाली. शेजारी संपलेल्या बॅटऱ्या आणि पेपरमिंटच्या गोळ्या.

मागच्या मार्चमध्ये त्या बिनवायरीवाल्यांतला एक ऐन वेळी बंद पडला, म्हणून माझी आठवण झाली. बंदराजवळ, जिथे पूर्वी माशांना धुरी देत, त्या शेडमध्ये एक कलासंस्था आहे. ज्यांना शिकायला, बोलायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, अशी मोठी माणसं तिथे येऊन चित्रं करतात. संस्थेचं नाव मी सांगणार नाही. फुकटची जाहिरात कशाला? तर या संस्थेवर छोटी फिल्म करायची होती. फिल्म करणारा होता ज्युलियन. आणि मला लावलं बेव्हर्लीच्या कॉलरला.

बेव्हर्ली चोपन्न वर्षांची. ती लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ पत्र्याच्या, तुकड्यावर चित्र कोरते, शाई लावते आणि कागदावर छाप काढते. तिनं नऊ नंबरच्या बसचे नऊ ड्रायव्हर कोरले होते. त्यातल्या एकाला तोंडच नव्हतं.

"चित्रं करताना तुला कसं वाटतं, बेव्ह?" ज्युलियननं विचारलं.

"ड्रायव्हरबद्दल... सांगू का?"

"सांगशील गं, पण आधी कसं वाटतं ते सांग. आनंद होतो ना?"

"ड्रायव्हरबद्दल सांगते," बेव्हर्ली म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. एक शब्द, मग थांबणं, मग दुसरा. "हा सकाळचा. मला पास काढायला... वेळ लागतो. हा माझ्याकडे बघत नाही. काचेतून समोर बघतो. तेरा वर्षं. म्हणून मी त्याचं तोंड कोरलं नाही. बाकीचे विचारतात, काय बेव्ह, थंडी काय म्हणतेय? त्यांना... तोंडं आहेत."

बरोबर चार मिनिटं लागली. हेडफोन लावून ऐकणारा स्टॅन मध्ये खोकलासुद्धा नाही. आणि ज्युलियन काय म्हणाला?

"शाब्बास! आता तू हात धुतेस ना, ते घेऊ या."

चोपन्न वर्षांच्या बाईला शाब्बास!

जूनमध्ये संस्थेच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. चहा, सॉसेज रोल, कागदी टेबलक्लॉथ, सगळा थाट होता. शेवटी बेव्हर्लीनं आभाराचे दोन शब्द बोलायचे होते, म्हणून स्टॅननं मला पुन्हा तिच्या कॉलरला लावून ठेवलं होतं. फिल्म सुरू झाली. मंद पियानो. मग, स्टॅन नंतर सांगत होता, त्या बिनतोंडाच्या ड्रायव्हरचं चित्र आलं आणि संस्थेच्या प्रमुख फिलिपाबाईंचा मऊ आवाज: "बेव्हर्लीला चेहरे जमत नाहीत. पण इथे तिला कुणी नावं ठेवत नाही."

हॉलमधले लोक हळहळले. मी तिच्या छातीवर होतो. तिचं काळीज कसं धडधडत होतं ते मला विचारा.

"खोटं आहे," ती म्हणाली. मी चालूच होतो, त्यामुळे ते हॉलभर ऐकू गेलं. "बंद करा. ही फिल्म मला नको."

"बेव्ह, राणी, बस खाली," फिलिपाबाई धावत आल्या. "भारावून गेलीयेस तू. आपण तुझ्या बहिणीशी बोलू हं."

"बहिणीशी कशाला? चित्रं... माझी आहेत."

माझी वायर मागे ओढत ती सरळ चहाच्या टेबलाशी गेली. मला मार्करची करकर ऐकू येऊ लागली, टेबलक्लॉथवर. मला डोळे नाहीत, पण भोवती जमलेल्या लोकांची कुजबुज पुरेशी होती.

"अगं बाई, फिलिपा! गळ्यातली चष्म्याची साखळीसुद्धा!"

"आणि हा ज्युलियन. दाढी बघ, दाढी!"

ज्युलियन हसला. खरंच कौतुकानं हसला, हेच मला सहन होत नाही. "वा, बेव्ह! फक्त कान काढायचे राहिले बघ, दोघांचेही."

बेव्हर्लीनं नेहमीसारखा वेळ घेतला. या वेळी अख्खा हॉल थांबला.

"दिसले असते," ती म्हणाली, "तर काढले असते."

ती फिल्म तेव्हापासून बंद आहे. तिच्या परवानगीशिवाय दाखवता येत नाही, आणि तिची अट एकच आहे: माझं बोलणं पूर्ण घाला. ज्युलियन अजून स्टॅनला फोन करून कुरकुरतो, "चार मिनिटं फार होतात रे. एवढा वेळ कोण ऐकणार?"

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू. माझी वायर आज ना उद्या तुटायचीच आहे. पण कुणाला प्रश्न विचारलात, तर उत्तर संपेपर्यंत तिथून हलू नका. थांबायचं नसेल, तर विचारूच नका. ही माझी कहाणी वाचायला तुम्हाला साधारण चार मिनिटं लागली असतील. एका मोडक्या माइकला दिलीत तुम्ही ती. मग तिला द्यायला कुणाच्या काय पोटात दुखत होतं?