खरडलेली खिडकी

आईला पुरून नऊ दिवस झाले, तेव्हा ल्युडमिला समोरच्या इमारतीतल्या ट्रेडवेलकडे गेली. तांब्याच्या पत्र्यावर रेघा ओढून, त्या तेजाबात कोरून ट्रेडवेल चित्रं छापायचा. न्यूयॉर्कच्या त्या चेक वस्तीतल्या खिडक्या, वाळत घातलेले कपडे, पायऱ्यांवर गप्पा मारणाऱ्या बायका. आईचा फोटो घरात एकही नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी आईनं कौतुकानं सांगितलं होतं, समोरचा चितारी मला काढतोय. ल्युडमिला तेव्हा बड्या दुकानात हातमोजे विकायची. नुसत्या शेमिजवर खिडकीत बसून सिगार वळणारी, तंबाखूचं पान जिभेनं ओलं करणारी आई तिथल्या गिऱ्हाइकांनी पाहिली तर? दुसऱ्याच दिवशी ती ट्रेडवेलला भिडली. त्यानं तिच्यादेखत तिन्ही छाप शेगडीत घातले, पत्र्यावरची आई खरडून टाकायचं कबूल केलं. आईला तिनं चकार शब्द सांगितला नाही.

आता ती म्हणाली, एखादा छाप राहिला असेल तर द्या.

ट्रेडवेल उठला. जुना पत्रा शोधून त्यानं शाई भरली, पुसली, ओला कागद घालून यंत्र फिरवलं. खिडकी आली. तंबाखूची पानं आली. आई बसायची तिथं करडा डाग होता.

"खरडलं की तिथं पत्रा खोलगट होतो," तो म्हणाला. "कितीही घासा, थोडी शाई धरतोच."

मग हात पुसत त्यानं सांगितलं, की त्या वेळी आई चित्र बघायला आली होती, गरम कोलाची, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, घेऊन. तेजाबानं बिघडलं, अशी थाप त्यानं मारली.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, ल्युडमिलाला कळू देऊ नका. पोरीला वाईट वाटेल."

ओला कागद दोन्ही तळहातांवर धरून ती रस्ता ओलांडून आली. दारात खालच्या मजल्यावरची पावलामावशी वाटाणे सोलत बसली होती.

"काय गं ते?"

"आईचं चित्र."

मावशीनं चष्मा वर करून पाहिलं. "यात बार्बोरा कुठाय?"

तेजाबानं बिघडलं, हेच ल्युडमिलाच्या ओठांवर आलं होतं.

"मी पुसायला लावली," ती म्हणाली. "मला लाज वाटायची तिची."

मावशीचे हात थांबले. मग तिनं टोपली सरकवून पायरीवर जागा केली. ल्युडमिला बसली नाही.