उजवा कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे, धुरावर मांस शिजवणारी. हल्ली माझ्यात काही शिजत नाही, म्हणून माणसं बघत बसते. तेही थकवणारंच काम आहे.

पूर्व टेक्सासात, तेलविहिरीच्या टाकाऊ पाइपातून व्हर्लन टिब्जनं मला घडवलं. वेल्डिंग तो तेव्हा नुकतंच शिकला होता, हे माझ्या अंगावर अजून वाचता येतं. जाळाची पेटी उजव्या अंगाला, त्यामुळं माझा उजवा कोपरा तापट. तिथं ठेवलेल्या मांसाचा कोळसा व्हायचा. व्हर्लन तेवढी जागा मोकळी सोडायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, "तिथं बाईसाहेबांचा राग राहतो. हात लावू नका."

जत्रेतल्या स्पर्धांत मी त्याला दोन ढाली मिळवून दिल्या. ढाली दिवाणखान्यात आहेत, मी कुंपणाशी.

चर्चच्या वार्षिक मेळाव्याला परगावी गेलेली लेकरंबाळं माघारी येत. जेवणाची रांग दरवर्षी लांबे, मी मात्र तेवढीच. माझ्या शेवटच्या खेपेला मांस संपलं तेव्हा रांगेच्या टोकाला सगळं चर्च जिला सिस्टर म्हणतं ती रूथेल उभी होती. सकाळपासून सगळ्यांसाठी रताळ्याचं गोडधोड भाजत बसलेली म्हातारी. तिच्या ताटात नुसता घेवडा आणि पाव पडला.

"राहू दे रे," ती म्हणाली, "माझे दात तरी कुठं जागेवर आहेत?"

सगळे हसले. व्हर्लन हसला नाही. "पुढच्या वर्षी हिच्या ताटात मांस पडलंच पाहिजे," असं त्यानं बायकोला, अल्मीडाला, बजावलं आणि तिला नि मेहुण्याला घेऊन मोठी भट्टी बघायला निघाला. जुनी देऊन नवी जमते का बघू, म्हणून गाडीमागं मलाही जोडलं.

दुकानदारानं मला वरखाली न्याहाळलं. "ही? भंगारवाला पुढच्या वळणावर आहे."

मेहुण्याला, रॉयसला, लाल चाकांची चकचकीत भट्टी भावली. "दाजी, स्पर्धेत हीच शोभेल! लोक लांबून बघतील."

"परीक्षक भट्टी खात नाहीत, रॉयस," अल्मीडा म्हणाली. तिनं दोन भट्ट्या पेटवायला लावल्या आणि पिशवीतून मैद्याचे चपटे गोळे काढून जाळ्यांवर पसरले. आमच्याकडं भट्टीचा स्वभाव असाच ओळखतात. लाल चाकांच्या भट्टीत एका टोकाचे करपले, दुसऱ्या टोकाचे कच्चे राहिले. शेजारच्या काळ्या, अबोल भट्टीत सगळे सारखे तांबूस झाले. उजव्या कोपऱ्यातलेसुद्धा. व्हर्लननं त्यातलाच एक उचलून खाल्ला.

काळी घरी आली. मीही आले, कुणी ठेवून घेईना म्हणून.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी मांस चढलं. सकाळी अल्मीडानं झाकण उचललं आणि ओरडली, "अहो, एवढी मोठी आणली, आणि हा कोपरा रिकामा कशाला?"

व्हर्लननं वाकून बघितलं. उजवा कोपरा. त्याचा हात तिकडं वळलाच नव्हता.

"तिथं बाईसाहेबांचा राग…"

"बाईसाहेब कुंपणाशी आहेत! रूथेलला आता काय सांगणार?"

मग धावपळ करून त्या कोपऱ्यात कोंबडीच्या तंगड्या भरल्या. दुपारी रांग सरकत राहिली आणि मोठे तुकडे पुन्हा संपले. रूथेलच्या ताटात शेवटच्या दोन तंगड्या पडल्या. कोपऱ्यातल्या.

"दात नाहीत म्हणाली होतीस ना, आजी?" रॉयसनं चिडवलं.

"आज सापडले रे!"

बसायला जागा उरली नव्हती. तिनं ताट माझ्या बाजूच्या फळीवर ठेवलं आणि उभ्यानंच खाल्लं. व्हर्लन तिच्यासाठी खुर्ची घेऊन आला. माझ्या झाकणावर हात टेकून पुटपुटला, "तुझा राग माझ्या हातातून काही जात नाही, बाई."

मला वाटलं, आता माझ्यातली राख काढायला फावडं आणेल. पण त्याला कुणीतरी हाक मारली.

मित्रांनो, माझ्या पोटात अजून त्या शेवटच्या मेळाव्याची राख आहे. पावसानं तिचा चिखल झाला आहे आणि तो माझा तळ खातो आहे. नवीन खुशाल आणा. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही भूक असते. पण ज्यांनी तुमची पोटं भरली, त्यांच्या पोटातली राख तेवढी काढत जा.