पाचशे ग्रॅम आणि झेंडूचा हार

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. गेले चार महिने तो सगळा एका मशीनवर निघत होता, आणि तेही मीच बनवलेल्या.

निघोजेतल्या आमच्या छोट्या कंपनीत मी डिझाइन इंजिनिअर आहे. मशीनचं काम ऐकायला अगदी पोरखेळ: स्टीलची पावडर बाटलीत बरोबर पाचशे ग्रॅम भरायची. ही पावडर मैद्यासारखी बारीक असते. थ्रीडी प्रिंटरमध्ये तिचे थरावर थर पसरून, लेसरनं वितळवून, त्यातून सुटे भाग घडवतात. आमच्या गिऱ्हाइकाला वजनात अर्ध्या ग्रॅमपलीकडे फरक चालत नव्हता. मशीनच्या वरच्या बाजूला हॉपर, म्हणजे गिरणीत दळण ओततात तसा निमुळता डबा. हा अख्खा डबा काट्यावर बसवलेला. त्याचं वजन पाचशे ग्रॅमनं उतरलं की खालची झडप बंद. एका बाटलीला चार मिनिटं.

आणि हे कार्टं रोज सकाळी एक ग्रॅम कमी भरायचं. दुपारनंतर सुतासारखं सरळ! मी पावडरीचा ओलावा तपासला, वीज तपासली, प्रोग्रॅम दोनदा नव्यानं लिहिला. आमचे मालक नंदकिशोर सर म्हणाले, शेजारच्या, पत्रे दाबून भाग काढणाऱ्या प्रेसशॉपची धडधड असेल. प्रेस सकाळी जरा बंद ठेवा, अशी विनंती करायला मी तिथं गेले, तर त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

शेवटी सर म्हणाले, "निवेदिता, पुढच्या महिन्यात पहिल्या शुक्रवारी गिऱ्हाईक बघायला येतंय. वीस बाटल्या सलग बरोबर भरल्या तर ऑर्डर आपली. नाहीतर मशीन भंगारात आणि तू परत कोटेशनच्या टेबलावर."

त्या टेबलावर मी दोन वर्षं काढली आहेत. तिथं परत जाण्यापेक्षा मी घरी पापड लाटेन.

आणि अचानक मशीन सुधारलं. सलग दहा दिवस, सकाळ असो की दुपार, एक बाटली चुकली नाही. फरक तीन-चार दशांशांचा, म्हणजे मर्यादेत. का सुधारलं ते मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही. दुखणं गेलं तर वैद्याला कोण विचारतं?

शुक्रवारी सकाळी आठला सहज एक बाटली भरून बघितली. चारशे अठ्ठ्याण्णव पूर्णांक नऊ. दुसरी, चारशे नव्याण्णव. गिऱ्हाईक साडेदहाला येणार होतं.

"कालच्यात आणि आजच्यात बदललं काय?" मी ओरडले.

वर्कशॉपमध्ये फक्त कोंडीरामभाऊ होते. कुरुळी गावचे, आमचे सगळ्यात जुने फिटर. मशीनचा सांगाडा त्यांनीच वेल्डिंग करून उभा केला. काटा मात्र कुणी बिघडवेल म्हणून मी रविवारी एकटीनं येऊन बसवला होता.

ते खाली मान घालून पुढं आले. "ताई, चूक माझी हाय. धा दिस मी मशिनीला हार घातला न्हाई. पुतण्याला, बाळूला, पोरगी झाली. आमच्यात सोयर हुतं. कालच फिटलं. आज मुद्दाम मोठा हार आणलाय, पर द्येव रुसला वाटतं."

मी वर बघितलं. हॉपरच्या गळ्यात झेंडूचा जाडजूड हार, फूलवाल्यानं शिंपडलेल्या पाण्यानं निथळत होता. रोज सकाळी तिथं हार असायचा, आणि मी त्याला नमस्कार करूनच कामाला लागायचे. इतकी सवय, की तो आहे की नाही हेही मला दिसत नव्हतं. तेवढ्यात एक थेंब टपकला. झडप बंद होती, पावडरीचा कणही खाली पडत नव्हता, तरी पडद्यावरचा आकडा उतरला. एक दशांश. मग आणखी एक.

"कोंडीरामभाऊ, हार काढा! आधी हार काढा!"

ते धावत कोपऱ्यात गेले आणि टोकाला आकडी लावलेली लांब काठी घेऊन आले.

"काठी कशाला?"

"तुमीच म्हणला हुता ना, ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. चार म्हैने लावला न्हाई. हार बी काठीनंच घालतो."

आधी मला हसू फुटलं आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात लावू नका, एवढंच मी सांगितलं होतं. का, ते सांगायची गरज मला वाटली नव्हती.

मग सगळं सांगितलं. हारातलं पाणी गळतं, सुकतं, वजन उतरतं. मशीनला वाटतं पावडरच गेली, आणि बाटलीत तेवढी कमी पडते. दुपारपर्यंत हार सुकलेला, म्हणून सगळं ठीक. कोंडीरामभाऊंनी मान डोलावत ऐकलं, हार बाजूच्या विजेच्या पॅनेलच्या दारावर अडकवला, हात जोडले आणि माझ्या खुर्चीमागच्या उभ्या पंख्याकडं बोट दाखवलं.

"मंग ताई, ह्याचा वारा सरळ डब्यावर बसतोय. त्यो बी वजनात धरत असंल की."

तो पंखा मी स्वतः तिथं आणून ठेवला होता. गुपचूप बंद केला. पुढची बाटली पाचशे पूर्णांक शून्य.

गिऱ्हाइकाकडून धम्मरत्न साहेब आले. दीड तास घामानं निथळत बसले, पण वीसच्या वीस बाटल्यांत एक दशांशाच्या वर फरक नाही! त्यांनी सही केली, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "आता हे चालतं कसं, ते जरा समजावून सांगा."

नंदकिशोर सरांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं चाळीस स्लाइड तयार होत्या. मी बाजूला सरकले.

"कोंडीरामभाऊ, तुम्ही सांगा."

त्यांनी पँटला हात पुसले. "साहेब, ह्यो आख्खा डबा काट्यावर बसलाय," असं म्हणून त्यांनी चार महिन्यांत पहिल्यांदाच हॉपरवर तळहात ठेवला. पडद्यावरचा आकडा टुणकन उडाला.

"बघा," ते म्हणाले. "म्हणून ह्याला हात लावायचा न्हाई."