कोरडा कान

मोहाटोल्यात कान वाहणं हा आजार नव्हता. नाक वाहतं तसा लेकरांचा कान वाहायचा. पाऊसपाण्यात वाहायचा, उन्हाळ्यात खपली धरून थांबायचा. आया तेलात लसूण कढवून दोन थेंब सोडत, कापसाचा बोळा कोंबत आणि मोठं झालं की जाईल म्हणत. मोठं झाल्यावर कान वाहणं राहायचंच, ऐकणं तेवढं जायचं. गावातले निम्मे म्हातारे कानामागे हाताचा द्रोण धरून बोलत, आणि त्याचंही कोणाला काही वाटत नसे.

यात फरक पडला तो सरिताच्या नाकामुळे.

सरिता गावची आशा सेविका. आरोग्य केंद्रातल्या एका बैठकीत तिनं ऐकलं होतं की साध्या वाहत्या कानाला फारसा वास नसतो. पण कानाच्या पडद्यामागे कातडीची गाठ वाढत असली तर मेलेल्या उंदरासारखी घाण येते. गाठ मोत्यासारखी पांढरी असते आणि आतली तांदळाच्या कणीएवढी ऐकण्याची हाडं खात जाते. सरितानं हे पक्कं ध्यानात ठेवलं. ती घरोघरी जाऊन लेकरांच्या कानातला बोळा काढून हुंगू लागली. बाया पदरात हसत. 'हुंगणारी आशा' असं नावच पडलं तिचं. पण तिनं हुंगून पाठवलेल्या अकरा लेकरांपैकी नवांना गाठ निघाली, तेव्हा हसणं थांबलं.

त्या नवांतली एक तिची स्वतःचीच होती. साक्षी, चार वर्षांची, डावा कान.

चंद्रपूरच्या दवाखान्यात वर्षातून दोनदा शिबिराला बाहेरगावचा डॉक्टर यायचा. तीन दिवस राहायचा, सहा लेकरांची ऑपरेशनं करायचा. कानाच्या भोकातूनच बारीक दुर्बीण घालून, टीव्हीच्या पडद्यावर आतलं बघत बघत गाठ सोलून काढायचा. बाहेर कुठं चिरा नाही, टाका नाही. साक्षीला आत नेलं तेव्हा सरिता दाराबाहेर फरशीवर बसली, आणि धानाच्या रोवणीला बांधीत जशी गात असे तशी पुटपुटत राहिली:

*कान माह्या लेकीचा गं, मोहाचं फूल,*
*हळू वाज रे वाऱ्या, तिले चढली भूल.*

तासा-दीड तासानं डॉक्टर बाहेर आला. गाठ निघाली होती, ऐकणंही वाचलं होतं. तो सरितासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "लहान मुलांत ही परत येते. एखादा कण मागे राहिला तरी वाढते. वर्षभरानं पुन्हा भूल देऊन आत बघावं लागेल. कान कोरडा असला तरी आणायचं. कोरडा असला तर नक्कीच आणायचं."

सरितानं मान हलवली. तिला ते नीट समजलंही होतं.

वर्ष सुखात गेलं. साक्षी अंगणवाडीत गेली, विहारात वंदनेला सगळ्यांच्या आधी सूर लावू लागली. सरिता दर आठवड्याला तिच्या कानाशी नाक नेई. नुसता खोबरेल तेलाचा आणि लेकराच्या घामाचा वास. कान खणखणीत कोरडा.

मग शिबिराची तारीख आली. यादी करणं सरिताचंच काम. सहा नावं, पहिलं साक्षीचं. गाडी निघायच्या आदल्या दिवशी कोयटोल्याहून लालसू आला. पाठीवर फडक्यात बांधलेली त्याची पाच वर्षांची जैनी. नऊ कोस चालत आला होता. सरितानं बोळा काढला, आणि हुंगायची गरजच पडली नाही. वास ओसरीभर झाला. जैनीला तापही होता.

लालसूला मराठी अडखळत यायचं. त्यानं काही मागितलं नाही. लेकरू खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसला.

सरिता आत गेली. यादी काढली. राजदीप, तिचा नवरा, जेवत होता. तिनं त्याला विचारलं नाही, नुसतं सांगितलं की साक्षी पुढच्या खेपेला जाईल. कान कोरडा आहे, दुखत नाही, वास नाही. सहा महिन्यांचा तर प्रश्न. राजदीपही बरं म्हणाला. पहिल्या नावावर रेघ ओढून तिनं जैनीचं नाव लिहिलं. मनाला फार बरं वाटलं तिच्या. ते बरं वाटणंच पुढं तिला सगळ्यात जास्त डाचलं.

जैनी बरी होऊन आली. लालसूनं टोपलीभर चारं, चारोळीची रानफळं, आणून दिली आणि सांगितलं की पोरगी आता पाखरांच्या मागे धावते. सरितानं ती चारं साऱ्या मोहल्ल्यात वाटली.

पुढच्या खेपेला डॉक्टर आला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला गाड्या निवडणुकीत लागल्या. सरितानं दोनदा फोन केला, मग तिसरा केला नाही. वास नव्हता ना. तिचं नाक कधी चुकलं होतं?

साक्षी सहा वर्षांची झाली. शाळेच्या वाटेवर बांधावरून तोल जाऊन दोनदा पडली. सरिता म्हणाली, धांदरट आहे. मग एका सकाळी बापानं काही गंमत केली, पोरगी हसली, आणि तोंडाची उजवी बाजूच तेवढी हसली. डावी तशीच राहिली, दुसऱ्या कोणाची असल्यासारखी.

सरितानं झडप घालून तिचा कान हुंगला. काहीच नाही. कोरडा.

निरोप मिळताच तोच डॉक्टर चंद्रपूरला आला, पण या वेळी दुर्बिणीनं भागलं नाही. भरून आलेल्या पडद्याआड, वास बाहेर न येऊ देता, गाठ मागच्या हाडात, तिथून आतल्या कानात शिरली होती. कानामागे चिरून हाड कोरावं लागलं, चार तास. तोंडाची शीर वाचली. हसणं हळूहळू परत येईल म्हणाले. डाव्या कानाचं ऐकणं परत येणार नव्हतं.

डॉक्टरनं जुने कागद काढले. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मागच्या वर्षी आणली असती तर कण एवढाच असता," त्यानं नखाचं टोक दाखवलं. "दुर्बिणीतूनच निघाला असता."

"तिची जागा म्या दुसरीले दिली, सर."

"कोणाला?"

"तिले जास्त गरज होती."

डॉक्टरनं कागद मिटले. मग म्हणाला की उजव्या कानाचा पडदाही आत ओढला जायला लागलाय. तिथं अजून काही नाही. पण आता तो एकच कान उरलाय. दर सहा महिन्यांनी आणायचं, काही झालं तरी.

घरी राजदीप आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी बोलला, "जगाचे कान हुंगत फिरते. घरचा कान काऊन नाई दिसला तुले?" आपण हो म्हणालो होतो हे तो विसरला नव्हता, आणि हे तिलाही ठाऊक होतं. साक्षीला डावीकडून हाक मारली की ती उजवीकडे वळून बघायची, आणि कोणी नाही म्हणून हसायची.

लालसू एकदा आला, जैनीला घेऊन. पोरीनं शिकलेलं मराठी गाणं म्हणून दाखवलं, एकही सूर न चुकवता. सरितानं तिला मुरमुरे दिले आणि पाणी आणायच्या निमित्तानं मागच्या दारी गेली. फार वेळ पाणी आणत राहिली. तिला त्या पोरीचा राग येत होता, आणि असा राग येणाऱ्या बाईला ती आजवर ओळखत नव्हती.

सहा महिन्यांनी पुन्हा यादी करायची वेळ आली. सहा जागा. पहिलं नाव साक्षीचं. बाकीची पाच दोन दिवसांत भरली.

गाडी दाराशी आली तेव्हा दीपिका नावाची बाजूच्या टोलीतली बाई धावत आली, कडेवर तीन वर्षांचं लेकरू. तिनंच बोळा काढून पुढं केला. सरितानं हुंगला. तोच वास, ओळखीचा, उंदराचा. गाडीतल्या साक्षीकडे बघून दीपिका हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या पोरीचा कान तं कोरडा हाये नं?"

"हाये," सरिता म्हणाली.

"मंग?"

सरितानं तिच्या लेकराचं नाव पुढच्या शिबिराच्या कागदावर लिहिलं, कानात तेल घालू नको म्हणून बजावलं, ताप आला तर लगेच ग्रामीण रुग्णालयात जा म्हणाली. सगळं बरोबर सांगितलं, एक शब्द न चुकता. मग गाडीत चढली, साक्षीच्या उजव्या बाजूला बसली, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चाला भाऊ. भरली गाडी."